पाव्हण्याचं पाणी

मित्रांनो, कोनाड्यात एरंडेलाने चिकट झालेली जी जुनी बाटली दिसते, ती मी. माझा गळा टवकला आहे आणि बूच केव्हाच हरवले. पण एके काळी माझाही थाट होता. भट्टीत फुंकून मला घडवले, तेव्हा माझ्या काचेत निळसर झाक उतरली. पुढे मी व्यंकटरावांच्या पेटीत आले. ते गावोगावच्या विहिरी आणि बारवांचे पाणी तपासत. मला ते स्वतःच्या चष्म्यापेक्षा जास्त जपत. उकळत्या पाण्याने धुऊन घेतल्याशिवाय मला कोणत्याही पाण्यात बुडवत नसत. त्याचा मला फार गर्व होता.

एकेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आम्ही साखऱ्याजवळच्या एका वस्तीवर गेलो. तिथे नारूने उच्छाद मांडला होता. पायाला फोड येई, त्यातून दोऱ्यासारखा किडा बाहेर पडे. आग सोसवेना म्हणून माणसे बारवेच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसत. त्याच पायऱ्यांवरून घागरी भरल्या जात. रोग या पाण्यातूनच पोटात जातो, अशी व्यंकटरावांची खात्री होती. पाण्यात दोष सापडला, की पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचा, असे ठरले होते. गवंडी आणि चुना मात्र त्या साली एकाच बारवेपुरता होता.

व्यंकटराव काठावरून दोर सोडून पाण्याची खोली मोजत होते. त्यांनी मला तिथे आलेल्या गोजरबाईच्या हाती दिले.

"बाई, बारवेच्या पाण्याने एवढी बाटली भरून आणा."

गोजरबाईने घागर भरली आणि ती थेट घरी गेली. धुतलेल्या धडप्याची चौपदरी घडी करून तिने माझ्या तोंडावर धरली आणि पाणी सावकाश ओतले. तेवढ्यात तिची लेक शालू तिथे आली. उन्हात खेळून तिच्या घशाला कोरड पडली होती. तिने ओंजळ पुढे केली.

"ते पाव्हण्याचं हाय," गोजरबाई म्हणाली. "तू घागरीतलं पी."

शालू घटाघटा प्यायली. मी भरल्या पोटाने नुसती पाहत राहिले. काचेला कुठली आली वाचा?

"बारवेचंच ना?" मला परत घेताना व्यंकटरावांनी विचारले.

"व्हय साहेब, बराबर बारवेचंच."

ती खोटे बोलली नव्हती. शहरात मोठ्या भिंगाखाली माझे पाणी थेंब थेंब तपासले गेले. त्यात काहीच सापडले नाही. सगळ्यांनी पाण्याची वाहवा केली आणि गवंडी दुसऱ्या गावाला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा आलो. शालू ओट्यावर बसली होती. तिचा गुडघा सुजून टरारला होता आणि नारूचे टोक बाहेर आले होते. व्यंकटराव मला घेऊन स्वतः पायऱ्या उतरले. मला भरून त्यांनी उन्हात धरले. माझ्या पोटात बारीक पांढरे कण टुणटुण उड्या मारत होते. पाण्यातले हेच किडे नारूचे बीज माणसाच्या पोटात नेत.

"गोजरबाई, मागच्या वर्षी यातलं काहीच नव्हतं. असं कसं झालं?"

"तवा म्या गाळून भरलं व्हतं, साहेब. सरकारी पाव्हण्याला तसंच कसं द्यावं?"

"आणि लेकराला?"

"ते घरचंच लेकरू," ती म्हणाली. "त्याला काहून गाळायचं?"

बोलता बोलताच तिला उमगले. तिने घरातली भरलेली घागर अंगणात उपडी केली.

"चूक माझीही आहे," व्यंकटराव म्हणाले. "मी स्वतः उतरायला हवं होतं."

त्या पावसाळ्याआधी पायऱ्या बुजल्या आणि रहाट आला. त्या दिवशी पायऱ्या चढताना दगडाला लागून माझा गळा टवकला होता, म्हणून मी इथेच राहिले. गोजरबाईने माझ्यात एरंडेल भरले. आज अठ्ठेचाळीस साल आहे. ती रोज सांजेला शालूचा गुडघा चोळते. नारू गेला, पण गुडघा आखडला तो आखडलाच.

मित्रांनो, पाहुण्याला चांगले द्यावे, यात वावगे काही नाही. पण जे पाणी पाहुण्याला तसेच द्यायला तुम्ही लाजता, ते घरच्या लेकराच्या ओंजळीत ओतू नका. एवढे माझे ऐका.

गोजरबाई आता घोटभर पाणीसुद्धा गाळल्याशिवाय कुणाला देत नाही. शालू मात्र पाय लांब सोडूनच जेवायला बसते.