ठिगळ्या आणि ताईचं रफू

मी एक जुना पतंग आहे. लगेच हसू नका, मित्रांनो! काड्या आणि कागदाचा नव्हे, मी समुद्रावरचा पतंग. पायाखाली फळी घेऊन माणूस लाटांवर उभा राहतो, आणि त्याला वाऱ्याच्या जोरावर ओढत नेतो तो मी. पुरता पसरलो तर खोलीत मावत नाही. माझ्या पुढच्या कडेला हवा भरायची जाड नळी आहे, आणि तिच्यामागे सगळं पातळ, कडक, सळसळणारं कापड. कारखान्यात मला कापलं, शिवलं, फुगवून पाहिलं आणि पिशवीत कोंबलं. तिथलं मला एवढंच आठवतं, की फार उकडत होतं.

माझा मालक हा खेळ शिकवायचा. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आई-वडील गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. ती लोकांच्या कपड्यांना रफू करून द्यायची. फाटल्या जागी दोऱ्यात दोरा असा गुंफायची, की फाटलेलं ओळखूच येऊ नये. कोट न्यायला कुणी आलं की तो त्याच्या हातात देऊन म्हणायची, "शोधा बघू, कुठे फाटला होता?" गिऱ्हाईक उलटसुलट करून थकायचं. तेवढीच तिची चैन.

शिंपल्याने, खडकाने मला बारीक चिरा पडायच्याच. त्या ती घरीच दुरुस्त करायची. आधी न्हाणीघरात गोड्या पाण्याने धुऊन माझ्यातलं मीठ काढायचं, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही. मग खुर्च्यांवर टाकून वाळवायचं, स्पिरिटने पुसायचं, टेबलावर सपाट पसरायचं, चिरेच्या कडा नीट जुळवायच्या आणि दोन्ही बाजूंनी पट्टी लावून चमच्याच्या पाठीने घासायची. पट्टीचे कोपरे ती गोल कापायची, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. माझं अंग निळं आणि तिच्याकडची पट्टी पिवळीजर्द! दिसायला अगदी सोंग झालो होतो. पण पाण्यात उतरण्याआधी धाकटा, म्हणजे माझा मालक, प्रत्येक पिवळ्या तुकड्यावरून बोट फिरवायचा, आणि एखादा सुटत असला की त्या दिवशी मला सुट्टी मिळायची.

मग किनाऱ्यावर दुसऱ्या शिकवणाऱ्यांचं टोळकं आलं. त्यांचे पतंग नवेकोरे. त्यांनी माझं नाव ठिगळ्या ठेवलं. मी दिसलो की "ठिगळ्या आला रे!" असा गलका व्हायचा. शिकायला येणारी माणसंही हसायची आणि तिकडेच वळायची. मला काय, मी गेंड्याच्या कातडीचा. पण धाकट्याच्या मनाला ते फार लागलं.

अशातच मला मधोमध वीतभर चीर पडली. घरी आल्यावर तो म्हणाला, "ताई, या वेळी पट्टी नको. रफू कर."

"अरे, हे काय कोटाचं कापड आहे का?"

"तुझ्या हातापुढे कापडाची काय बिशाद! कर ना. लोक हसतात गं मला."

या शेवटच्या वाक्यावर ताई विरघळली. निळा रेशमी दोरा घेऊन खिडकीपाशी बसली आणि आपलं सगळं कसब तिने माझ्यावर ओतलं. टाक्याला टाका लावला. कोटाला टाके जितके जवळ तितकं काम पक्कं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. पण लोकर सुईच्या भोकाभोवती पुन्हा मिटते. माझं कापड मिटत नाही. भोक पडलं की ते राहतंच. पान चटकन फाडता यावं म्हणून पावतीपुस्तकाला भोकांची ओळ पाडतात ना, तशी ओळ त्या माउलीने माझ्या पोटावर पाडली. मला कळत होतं. पण मला विचारतो कोण!

"शोध बघू," ती हसत म्हणाली. त्याने बोट फिरवलं, उजेडात धरलं. जागा सापडलीच नाही. तो खूश झाला. किनाऱ्यावरही त्याला ती सापडली नाही, तेव्हा तपासणार काय?

त्या दिवशी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. आम्ही बरेच आत गेलो होतो. एक झोत आला आणि टाक्यांच्या ओळीवरून मी टरकन फाटलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाण्यात कोसळलो. माझ्या नळीत मात्र हवा शाबूत होती, आणि तिला धरून तो कितीही वेळ तरंगला असता. पण किनारा दिसत होता. दिसणारी गोष्ट जवळ वाटते. मला त्याच्याशी जोडणारा कमरेचा हूक त्याने सोडला आणि तो पोहत निघाला. अरे, सोडू नकोस मला! पण माझ्याकडे तोंड नाही. त्याचं डोकं बराच वेळ दिसत होतं. मग दिसेना.

बोटवाल्यांना आधी मी सापडलो. तो दुसऱ्या दिवशी.

भेटायला येणारे ताईला म्हणत, वाऱ्यापुढे कुणाचं चालतं? ती मान हलवायची. सगळे गेल्यावर तिने मला टेबलावर पसरलं आणि फाटल्या कडेवरून बोट नेलं. कड सरळ तिच्याच टाक्यांवरून गेली होती. तिला सगळं समजलं. ती रडली नाही, आणि मला त्याचंच भय वाटलं.

मग तिने मला धुतलं, वाळवलं, पुसलं. पिवळी पट्टी काढली आणि कोपरे गोल कापून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी लावली. चमच्याने घासघासून हात दुखेपर्यंत काम केलं. संपल्यावर सवयीने आतल्या खोलीकडे वळून ती म्हणाली, "झालं रे, घेऊन जा." आणि मग ती माझ्यावरच डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली.

मी आता अगदी धडधाकट आहे, मित्रांनो, आणि पलंगाखाली पडून आहे. तुमच्या घरी काही फाटलं, तर जरूर शिवा, चिकटवा. पण ज्याचा जीव त्यावर टांगलेला असेल, त्याला ती जागा दिसू द्या. लोक हसतील, तर हसू देत. हसणारे किनाऱ्यावर उभे असतात.