न पुसलं जाणारं वेळापत्रक

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये एका घरी जेवणाच्या टेबलामागे जुना लाकडी फळा टांगलेला आहे. तो मी. माझा एक कोपरा तुटलेला आहे आणि चौकटीला पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत. तरी माझ्यावरचं अक्षर अजून लांबून वाचता येतं.

किला गेटजवळच्या एका सुताराने सागवानी फळ्या जोडून मला घडवलं. सरोजिनीबाईंनी मला मुद्दाम करवून घेतलं होतं. आसपासची मराठी मुलं दुपारी त्यांच्या घरी जमत आणि बाई त्यांच्याकडून पाढे घोटून घेत. दर सुट्टीत कोळशाची पूड आणि वेलीच्या पानांचा रस चोळून त्या मला काळंभोर करत. लोक माझं कौतुक करत आणि मला ते आवडे. पुढे मुलं इंग्रजी शाळांत जाऊ लागली, बाई थकल्या आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. तिथे कित्येक उन्हाळे माझ्यावर कुरडया वाळल्या. कोपरा तुटला तोही तिथेच.

बाईंचे चिरंजीव नाना इकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी मला भंगारात दिलं नाही. मी पलंगाखाली पडून राहिलो. नानांच्या नातीने, अंतराने, शाळा सोडली तेव्हा कुठे मला पुन्हा उजेड दिसला.

अंतरा नऊ वर्षांची. तिचा हात सावकाश चालतो. शाळेत तिचं उतरवून होण्याआधीच फळा पुसला जाई. वही अर्धी राही, त्यावर शेरा येई आणि सकाळी शाळेची वेळ झाली की हिचं पोट दुखू लागे. शेवटी तिच्या आईने, सीमंतिनीने, तिला घरीच शिकवायचं ठरवलं. वडील श्रीपाद राजी नव्हते. त्यांनी एक वर्ष दिलं होतं. पुढच्या वर्षाची तयारी पटली तर ठीक, नाही तर एप्रिलमध्ये शाळेत नाव घालायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

ते वर्ष संपत आलं, त्या मार्चमध्ये टेबलावर जेवायला जागा उरली नाही. घरीच मुलं शिकवणाऱ्या दुसऱ्या एका कुटुंबाला अंतराची शिकून झालेली पुस्तकं दिली आणि त्यांची आणली. काय जमलं, काय राहिलं, याचा हिशेब झाला. भागाकार राहिला होता. मराठी आणि इतिहास नानांकडे, रविवारचं गणित श्रीपादांकडे, बाकी सगळं सीमंतिनीकडे, अशी वाटणी ठरली. अंतराने पक्षी शिकायचे आहेत असं सांगितलं, तेही मान्य झालं.

पण सीमंतिनीच्या मनाला धास्ती होती. तयारी पक्की दिसायला हवी. शिवाय लेकीचं दुखणं तिला ठाऊक होतं. म्हणून पाडवा तोंडावर आला असताना तिने बारीक ब्रश घेतला आणि पांढऱ्या ऑइल पेंटने सोमवार ते शनिवारचं वेळापत्रक, तासांसकट, माझ्यावर रंगवून टाकलं. अगदी काठापासून काठापर्यंत.

नाना बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, आता घंटा आणि शिपाई तेवढे राहिले."

"नाना, शाळेत पुसायचे म्हणून तर ती रडायची," सीमंतिनी म्हणाली. "हे कुणालाच पुसता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतराच्या पोटात दुखू लागलं. श्रीपादांनी ते पाहिलं आणि सण झाला की शाळेत चौकशी करतो, असं सांगून टाकलं.

पाडव्याला गुढी उभी राहिली. या घरची रीत अशी की नव्या वर्षी फळ्यावर आधी सरस्वती काढायची, एकाचे आकडे जोडून, आणि तीही घरातल्या सगळ्यांत लहान हाताने. अंतरा खडू घेऊन आली. तिने ओला फडका फिरवला. काहीच निघेना. सीमंतिनी म्हणाली, कोपऱ्यात काढ. तर कोपरा तुटलेला.

तेव्हा अंतरा बोलली. "आई, ये तो स्कूल से भी ज़्यादा स्कूल है. फळा पुसला तर मला चालतं. नाही तर नवीन कुठे लिहिणार? फक्त माझं लिहून झालं का ते विचार, मग पूस."

सीमंतिनी खुर्चीत बसली. "एवढंच होतं, बाळा?"

"हो. पण तिथे कोणी विचारलंच नाही. आणि तू पण नाही."

श्रीपाद उठले आणि बाजारातून लाकूड घासायचा रेगमाल घेऊन आले. दुपारभर बापलेकीने मला घासलं. अंगाची आग झाली, पण मी ती आनंदाने सोसली. मग काळ्या रंगाचा हात फिरला.

रंग वाळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंतराने सरस्वती काढायला घेतली. एकेक आकडा सावकाश. श्रीपाद ऑफिसची बॅग खांद्याला लावून दारात उभे होते. निघायची वेळ टळून गेली. सीमंतिनीने त्यांना खूण केली, तुम्ही निघा. ते हलले नाहीत.

"झालं का?" त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं.

"अजून वीणा राहिलीय, बाबा."

ते बॅग खाली ठेवून खुर्चीवर बसले. त्या एप्रिलमध्ये कुणी शाळेत चौकशी केली नाही.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यावर टोकदार काही ओढू नका, चिकटपट्ट्या लावू नका, कोरड्या फडक्याने त्याला स्वच्छ ठेवा. आणि डस्टर तुमच्या हातात आलं, तर पुसण्याआधी एकदा मागे वळून बघा. शेवटच्या बाकावर कुणाचं तरी अजून लिहायचं राहिलेलं असतं.