दवाखाना वाढवावा

गोजरबाईंनी सुमनचा हात ओढून मांडीवर घेतला, बोटं एकत्र दाबली आणि हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकवायला लागल्या. हात डॉक्टरणीचा असला म्हणून काय झालं, कासारणीपुढं सगळे हात सारखेच. दोन गेल्या. तिसरी हाडावर अडली आणि कट् आवाज झाला.

"फुटली," सुमन म्हणाली.

"फुटली म्हनू नये बाई. वाढली म्हनावं."

"माहीत आहे हो. आमची आईही तसंच म्हणायची."

"मंग म्हना की."

"वाढली," सुमन हसून म्हणाली, तेव्हा कुठं गोजरबाईंनी चौथी बांगडी उचलली.

सकाळचे अकरा वाजले होते. भर अकराच्या ठोक्याला डॉक्टर बांगड्या भरायला बसते याचा अर्थ काय, हे सोनपेठेत कुणाला वेगळं सांगायला नको होतं. बाजारपेठेत भिंतीला भिंत लावून दोन गाळे होते. एकात गोजरबाईंचं बांगड्यांचं दुकान, दुसऱ्यात सुमनचा दवाखाना. मागं दोघींत मिळून एक अंगण आणि त्यात एक कडुनिंब. गोजरबाईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि दवाखान्यात नुसते पाय पसरून बसलं तरी कुणाची अडचण होत नव्हती.

दवाखान्याचा गाळा सासऱ्यांचा होता. बन्सीधर मानवतचे जुने अडत व्यापारी. सून नांदेडला आयुर्वेद शिकलेली, मुलगा रंगनाथ येलदरीच्या वीजघरात नोकरीला, आणि सोनपेठेत बायकांना दाखवायला बाईमाणूस डॉक्टर नाही. हे सगळं जुळवून त्यांनीच गाळा झाडून दिला होता. पण जाताना उंबऱ्यात उभं राहून म्हणाले होते की वर्षभर बघ पोरी, नाही जमलं तर उगाच जीव नको जाळू. एक खतवाला या गाळ्यावर डोळा ठेवून आहे हेही त्यांनी लपवलं नव्हतं. ते वर्ष दिवाळीला भरत होतं.

सुमननं काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पाटी रंगवून घेतली, दारासमोर शिसवी रंगाचं बाकडं ठेवलं, भिंतीवर पदवीचं प्रमाणपत्र लावलं. ज्या विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं आठ वर्षं भिजत पडलं होतं, त्याच विद्यापीठाचं ते प्रमाणपत्र. एकदा एक मास्तर आत आले तेव्हा तिला वाटलं, पेशंट आला. त्यांनी चष्मा वर करून विद्यापीठाचं नाव वाचलं, "बदलंल, बदलंल" असं स्वतःशीच म्हणाले आणि नाडी न दाखवताच निघून गेले. बाकड्याचा रंग अजून जसाच्या तसा होता.

शेवटची बांगडी चढत होती तेवढ्यात पोस्टमन पंडित दारात आला आणि एक कार्ड पुढं करून गेला. सुमननं अक्षर ओळखलं. सासऱ्यांचं कार्ड या दिवसांत येणार हे ती महिनाभर मनाशी धरून होती. रंगनाथ दिवाळीपर्यंत नाशिकला ट्रेनिंगला गेलेला, म्हणजे धीर द्यायलाही जवळ कुणी नाही. तिनं कार्ड एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की गोजरबाईंनी हातातली बांगड्यांची माळ खाली ठेवली.

"काय म्हनतो सासरा?"

सुमननं वाचून दाखवलं. "चि. सौ. सुमन हीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. कापूस यंदा बरा दिसतो. दिवाळीच्या बाजारापर्यंत दवाखाना वाढवावा. त्या दिवशी मी स्वतः येईन. प्रकृतीस जपावे." तिला वाटलं होतं, बंद करा म्हणतील. आणि हा माणूस म्हणतो, वाढवा. बाकड्यावर वर्षभरात कुत्रंसुद्धा बसलं नाही हे काय त्यांच्या कानावर गेलं नसेल? तरीही वाढवा म्हणतात. आपण या माणसाला ओळखलंच नाही, असं ती गोजरबाईंना दोनदा म्हणाली.

खाली सांडलेला काचेचा चुरा गोजरबाईंनी फडक्यानं गोळा केला, फडक्याला गाठ मारली.

"सासरा अडत्या ना तुमचा? मानवतचा?"

"हो. का?"

"काई न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग वाढवू की."

त्यांनी तिला हाताला धरून रस्त्यावर नेलं आणि तिचाच दवाखाना तिला समोरून दाखवला. समोर भगवानरावाचं हॉटेल. हॉटेलात सकाळपासून बसलेले दहा-बारा रिकामटेकडे. त्यांच्या थेट नजरेसमोर बाकडं. आणि बाकड्याच्या बरोबर वर, सुमननं चांगले पैसे मोजून ठळक अक्षरांत लिहून घेतलेलं, 'स्त्रियांचे सर्व गुप्त रोग'.

"मला वाचता येत न्हाई, पर काय लिवलंय ते समद्या गावाला ठाऊक हाय," गोजरबाई म्हणाल्या. "त्याच्याखाली कोन बसंल बाई? तुमी बसताल का?"

सुमन बसली नसती. इतकी वर्षं शिकून जे कळलं नाही ते रस्त्याच्या पलीकडून कळलं, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

गोजरबाईंचा तोडगा साधा होता. बाकडं राहू दे पुढं, भगवानरावाला बघायला. बायका येतील त्या बांगड्यांच्या दुकानात, आणि तिथून मागच्या अंगणातून दवाखान्यात. बांगड्या भरायला जाते म्हणलं तर आडवा येणारा नवरा अजून जन्मायचाय, असं त्यांचं म्हणणं. सुमनला हे थोडं चोरट्यासारखं वाटलं. पण सासऱ्यांनी एवढ्या विश्वासानं वाढवायला सांगितलंय, आता लाजून चालणार नव्हतं.

पुढच्या बाजारी गोजरबाई धुरपदाबाईला मनगटाला धरूनच घेऊन आल्या. धुरपदाबाई शेळगावकडची, दर साली नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाणारी, आठवा महिना लागलेला. "मागल्या साली हिच्या हातात सव्वादोनाची बांगडी खुळखुळायची," गोजरबाई म्हणाल्या. "आता अडीचाची रुतायलीय. घरची म्हनत्यात अंग धरलं. मला न्हाई पटलं, बघा तुमी." सुमननं पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. त्याच दुपारी चिठ्ठी लिहून तिनं धुरपदाबाईला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नवऱ्याला, वैजीनाथला, बोलावून शांतपणे सांगितलं की यंदा ऊसतोडीला हिला न्यायचं नाही. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला आणि मग म्हणाला, "तुमी म्हनताव तर न्हाई नेत."

तेव्हापासून सुमनला कळलं की आपल्या शेजारी बसते ती नुसती कासारीण नाही. तीस वर्षं गावोगावच्या बायकांचे हात त्या मांडीवर येत होते. कुणाचं मनगट वाळलं, कुणाची नखं पांढरी पडली, कुणाचा हात कापतो, कुणाच्या कोपरावर वळ आहेत, हे सगळं गोजरबाईंना ठाऊक होतं. फक्त ते सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता. आता भिंतीपलीकडं सांगायला माणूस होतं. सुलाबाई आली ती तीन वर्षांचं अंगावरचं दुखणं घेऊन. नर्मदाबाई आली, सुनेला घेऊन आली, मग सुनेची आई आली. ऊसतोडीला जायच्या आधी दाखवून घ्या म्हणून कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे, पण दसरा झाला तशी बाजारच्या दिवशी सुमनला पाणी प्यायला उसंत मिळेना. बायका ठरलेली फी तर देतच, वर पदरातून शेंगा, हरभरा, कुणी अंडी काढून ठेवी. तिनं तपासायला नवं टेबल घेतलं. गोजरबाईंनी बांगड्यांची नवी पेटी घेतली. दोघींचीही दिवाळी आधीच सुरू झाली होती म्हणा ना.

दिवाळीच्या बाजाराला बन्सीधर आले.

सुमन मागच्या खोलीत एकीला तपासत होती. पुढून ओळखीचं खोकणं ऐकू आलं तशी ती नळी गळ्यात तशीच ठेवून बाहेर धावली. सासरे दारात उभे होते. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. ते रिकाम्या बाकड्याकडं बघत होते आणि समोरून भगवानराव त्यांना मान हलवून काहीतरी खुणावत होता. सुमन वाकून पाया पडली.

"पोरी, पत्र पोचलं होतं न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं. आवाज दुखवायला आलेल्या माणसाचा नव्हता, दुखवावं लागणार म्हणून वाईट वाटणाऱ्याचा होता.

"पोचलं की मामा. तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं. वाढवला."

"वाढवला?" बन्सीधरांनी उघड्या दाराकडं पाहिलं, औषधांनी भरलेल्या कपाटाकडं पाहिलं. "आन् मंग हे..."

"इकडं नाही, मागं या. मागं बघा ना."

तिनं अक्षरशः त्यांना दंडाला धरून नेलं. सासऱ्याला असं धरायची तिच्या घरात रीत नव्हती, पण त्या क्षणी तिला त्याचं भान नव्हतं. मागचं दार उघडलं आणि बन्सीधर उंबऱ्यातच थबकले. कडुनिंबाखाली अंगणभर बायका बसल्या होत्या. त्यांना बघून सगळ्यांचे पदर एकदम पुढं आले. कडेला चपलांचा ढीग. धुरपदाबाई पंधरा दिवसांचं पोर मांडीवर घेऊन बसली होती, परभणीला सुखरूप बाळंत झालेली, आता पोराला दाखवायला आलेली.

बन्सीधर बायकांकडं बघत नव्हते, तसं बघणं त्यांना शोभलंही नसतं. ते चपला बघत होते. पन्नास वर्षं दुकानात काढलेला माणूस. दारातल्या चपलांवरून धंदा ओळखायचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग त्यांनी पिशवीत हात घातला, आत काहीतरी लोखंडी वाजलं. हात तिथंच थांबला. शेवटी त्यांनी एक भलंमोठं नवं कुलूप बाहेर काढलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"हे आनलं होतं," ते म्हणाले. "दाराला राहू दे. चांगलं हाय."

सुमनचे डोळे भरून आले. तिच्या दाराला अजून साधी कडी होती, सुतळीनं बांधलेली. चोरण्यासारखं काही नव्हतंच इतके दिवस. आणि सासरे कुलूप घेऊन आले, म्हणजे त्यांना आधीच विश्वास होता. तिनं ते कुलूप पदरानं पुसलं.

ते गाडीच्या वेळेपर्यंत थांबले. गोजरबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला आणि हळू आवाजात त्यांच्याशी काहीतरी बोलल्या. काय, ते सुमनला ऐकू आलं नाही. फक्त एकदा सासऱ्यांचं हसणं ऐकू आलं, पोट धरून हसतात तसं, आणि जाताना त्यांच्या पिशवीत सासूबाईंसाठी दोन डझन बांगड्या होत्या. गोजरबाईंच्या हातून रिकामा कुणी सुटत नसे. उंबऱ्यात, मागच्या वर्षी उभे राहिले होते तिथंच उभं राहून, ते म्हणाले की खतवाल्याला मी दुसरा गाळा बघून देतो.

दिवे लागायच्या वेळी शेवटची बाई गेली. सुमन कपाट आवरत होती. शेजारी गोजरबाई पेट्या आत ओढत होत्या, फळ्या लावत होत्या, रोजच्यासारख्या. आणि रोजच्यासारखंच, वर्षभर रोज ऐकून कानाला सवयीचं झालेलं, भिंतीपलीकडून त्यांनी म्हटलं,

"चला. वाढवते दुकान."

सुमनचा हात कपाटावरच थांबला.

बांगडी वाढते तसं दुकानही वाढवतात, बंद म्हणत नाहीत; पण माहेरी एक तारखेला पगार यायचा, तिथं दुकानाची ही भाषा कशाला येईल? ती तशीच उभी राहिली. मग तिनं खणातून कार्ड काढलं आणि दिव्याखाली धरलं. दिवाळीच्या बाजारापर्यंत दवाखाना वाढवावा. त्या दिवशी मी स्वतः येईन. टेबलावर कुलूप होतं. तिनं कुलपाकडं पाहिलं, पुन्हा कार्डाकडं पाहिलं, आणि कार्ड हातात घेऊन बाहेर आली. तिला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदमच येत होतं.

गोजरबाई शेवटची फळी बसवत होत्या.

"गोजरबाई, हे कार्ड वाचून दाखवलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"मला कुठं वाचता येतंय बाई," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी फळी ठोकून घट्ट केली, कमरेच्या किल्ल्या चाचपल्या, आणि सुमनच्या हातातलं कार्ड हळूच घेऊन चार घड्या करून तिच्याच मुठीत ठेवलं.

"सासऱ्यानं कुलूप दिलंय न्हवं? लावा मंग. वाढवा आता तुमी बी. सकाळी उघडायचंय."