आईची तसबीर

तेरुहिकोने चौथा कागद उपडा करून मांडीखाली सरकवला आणि पाचवा समोर ओढला. पलीकडे आई बुटक्या शेगडी-मेजाच्या रजईत कमरेपर्यंत पाय खुपसून, पाठ ताठ करून बसली होती. दुपारचे दोन वाजले होते. छपरावरचं बर्फ मधूनच धप्पकन अंगणात पडत होतं.

"झालं का रे?"

"थांब ना आई. मान हलवलीस तू."

"मी? अरे, मान हलवायला मानेत जीव कुठे उरलाय माझ्या?"

तिने मान हलवली नव्हती. छप्पन्न वर्षं मासळी संघाच्या ओट्यावर उभं राहून माकूळ साफ केलेली बाई ती, एका जागी राहणं तिला शिकवायला नको होतं. खोट त्याच्या हातात होती, आणि ते त्याला दुसऱ्या कागदालाच कळून चुकलं होतं.

डॉक्टरांनी आईला, इनेबाईंना, फार तर थंडी सरताना प्लमच्या झाडाला फूल येईपर्यंतची मुदत दिली होती. ते कळल्यावर बाईंनी रडारड केली नाही, कामाला लागल्या. शेवटचा पांढरा किमोनो इस्त्री करून ठेवला, कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी लेकीकडून, मित्सुएकडून, लिहून घेतली. राहिली होती ती फक्त अंत्यविधीला वेदीवर ठेवायची तसबीर. वृद्ध मंडळात फोटोग्राफर आला होता, 'हसा आजी, हसा' म्हणत होता, त्याला तिने हाकलून दिलं.

"पोटचा पोरगा चित्रं काढून पोट भरतो, आणि मी त्या मेल्यासमोर दात विचकू होय?"

पोटचा पोरगा शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, अशी तिची समजूत होती. बेडूक, ऋतू, पावसाचे ढग वगैरे. चोविसाव्या वर्षी तेरुहिकोने फोनवर घाईघाईत सांगितलेली ती थाप तेहेतीस वर्षं टिकली होती.

खरं म्हणजे तो 'काझामा' या नावाने प्रौढांच्या चित्रकथा काढायचा. मोठी माणसं विकत घेतात आणि घरी लपवून ठेवतात, त्या जातीच्या. तोक्योला गेला होता तो तलवारबाजांच्या गोष्टी काढायला, पाठीवर पिशवीभर घोडे आणि लढाया घेऊन. नुकातासान नावाच्या संपादकाने ती सगळी पानं शांतपणे बाजूला सारली आणि एका कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे सराईतली एक बाई दारातून वळून बघत होती, बस्स, एवढंच.

"अंगं कुणीही काढतं," नुकातासान म्हणाले होते, "हा चेहरा तुझं दुकान आहे. दुसरं काही विकायला बसू नकोस."

आणि तो बसला नाही. ती बाई कधी परिचारिका झाली, कधी विधवा, कधी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. नावं बदलली, कपडे बदलले, तोंड तेच. मोठे ओलसर डोळे, किंचित विलग ओठ, आणि लाज दाखवायला दोन्ही गालांवर तीन-तीन तिरप्या रेघा. एकदा त्याने तिचं नाक थोडं बसकं केलं, तर तक्रारीची पत्रं आली. पुढे दुकानांनी ती मासिकं मांडणीवर ठेवायचं बंद केलं, एकामागून एक तीन मासिकं बुडाली, नुकातासान घरी बसले. आता तो संगणकाच्या पडद्यावर चित्रं काढून एका तरुण संपादकाला पाठवायचा. त्या पोराचं तोंडसुद्धा त्याने पाहिलं नव्हतं. पन्नाशीला त्याने हौसेने पुन्हा एकदा घोडा काढून पाहिला. घोड्याचा डोळाही ओलसर आला. त्या दिवशी तो खूप हसला होता, आणि नंतर दोन दिवस जेवला नव्हता.

पण त्या चेहऱ्याला त्याने कधी शिव्या घातल्या नाहीत. अन्न दिलं होतं त्याने. आता एकच हवं होतं. आईचं तोंड, जसं आहे तसं, एकदा, फक्त एकदा यायला हवं होतं.

पाचव्या कागदावर त्याने हाताला चकवायचं ठरवलं. सुरुवात कानापासून केली. लांब लोंबती पाळी आली. हनुवटीवरचा मासळीच्या आकड्याचा व्रण आला. मानेची सैल कातडी आली. वा, गड्या! त्याचा श्वास जरा मोकळा झाला. मग तो डोळ्यांकडे वळला, आणि हात सुटला. हातात शाईचा टाक होता; पेन्सिल नको, पुसली जाते, असं आईने बजावलं होतं. तो भानावर आला तेव्हा गालांवर तीन-तीन रेघा पडूनही गेल्या होत्या. कान आईचा होता, व्रण आईचा होता, आणि मधून ती बघत होती, तीच.

"आण इकडे," आई म्हणाली.

"हे नाही जमलं गं. अजून एक—"

"आण म्हणते ना!"

तिने कागद नाकाशी नेला. मोतीबिंदू पिकलेले डोळे बारीक केले. तेरुहिको चटईकडे बघत बसला.

"सुरकुत्यासुद्धा धरल्यास की रे," ती त्या तिरप्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाली. "तुझे बाबा मला बघायला आले ना, तेव्हा मी अशी होते. तू कुठे पाहिलंस रे मला तेव्हा? बास झालं. आता याला हात लावायचा नाही."

"आई, खरंच हे बरोबर आलेलं नाही."

"माझं तोंड आणि मला कळत नाही?"

मित्सुए चहा घेऊन आली. आईने मोठ्या कौतुकाने कागद तिच्यापुढे धरला. मित्सुएने पाहिलं, आणि चहा न देताच ट्रे खाली टेकवला. नवऱ्याच्या अवजारांच्या खोलीत एकदा तिला एक मासिक सापडलं होतं. भावाची रेघ बहिणीला ओळखू येणार नाही तर कुणाला? इतकी वर्षं ती त्यावर चकार शब्द बोलली नव्हती.

स्वयंपाकघरात तिने त्याचं मनगट धरलं.

"तेरू, ही कोण आहे?"

त्याने मोकळ्या हाताने ओट्यावरचं फडकं घडी करायला घेतलं.

"ही आई नाहीये."

"ठाऊक आहे मला."

"मग दुसरं काढ की! पाया पडते तुझ्या. लोकांसमोर ठेवायचंय ते."

"येत नाही मला दुसरं, ताई," तेरुहिको म्हणाला. "मला दुसरं काहीच येत नाही."

सत्तावन्न वर्षांचा बाप्या, ओट्याला टेकून ढसाढसा रडला. मित्सुए नळ सोडून उभी राहिली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यानंतर रोज दुपारी आई झोपली की तो उशाशी बसून काढायचा. डाव्या हाताने काढून पाहिलं. नुसते ओठ काढून पाहिले, नुसती एक पापणी. जित्याची खोड म्हणतात ती ही. एकोणीस दिवस त्याने हाताशी झुंज दिली, आणि एकोणीस दिवस हात जिंकला. इकडे आईने तसबीर चौकटीत बसवून घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची.

"माझ्या मुलाने काढलंय हो. शाळेच्या पुस्तकांत असतात त्याची चित्रं."

फूल यायच्या आधीच ती गेली.

मित्सुएने दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो मोठा करून आणला, पण त्यात नाक कुठे संपतं ते कळेना. शिवाय आईने भटजींना बजावून ठेवलं होतं, शेजारणींकडून कबूल करून घेतलं होतं. मेलेल्या माणसाचा शब्द कोण मोडणार? वेदीवर पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध, काळी फीत लावून, तीच तसबीर लागली. त्या सकाळी तेरुहिकोने आईच्या तोंडावरचं पांढरं फडकं उचललं. खरं तोंड समोर होतं, आता हलणारही नव्हतं. कागद मांडीवर होता. पण टाक टेकवायचा त्याला धीर झाला नाही. याचंही तसंच झालं तर, या भीतीने त्याने फडकं पुन्हा नीट सारखं केलं.

लोक रांगेने येऊ लागले. धुपाची चिमूट कपाळाशी नेऊन निखाऱ्यावर सोडायची, तसबिरीला वाकायचं, मग घरच्यांना. बायका आपसात कुजबुजल्या, "किती सुरेख दिसत होत्या नाही तरुणपणी!" मित्सुए मान खाली घालून उभी होती.

पंचावन्नच्या आसपासचा एक गृहस्थ पुढे आला. आधी घरच्यांपाशी थांबून म्हणाला, "मासळी संघातला ओकुदा मी. कामाला लागलो तेव्हा सुरी धरता येत नव्हती मला. इनेबाईंनी शिकवली. आईच होत्या हो त्या माझ्या." त्याचे डोळे भरलेले होते. वेदीपाशी जाऊन त्याने चिमूट कपाळाला लावली आणि वर पाहिलं.

चिमूट निखाऱ्यावर पडलीच नाही, पांढऱ्या कापडावर सांडली. ओकुदाचे कान लालबुंद झाले. सार्वजनिक स्नानगृहात चुकून बायकांच्या बाजूचं दार उघडल्यावर माणूस नजर फिरवतो, तशी त्याने नजर खाली फिरवली. तो चेहरा त्याने आधी पाहिला होता. कुठे, ते तेरुहिकोला विचारावं लागलं नाही.

ओकुदाने पुन्हा एक चिमूट घेतली. एकदा मान वर करायचा प्रयत्न केला, आणि नाही जमला. ज्या बाईने त्याला सुरी धरायला शिकवलं, तिला त्याने डोळे घट्ट मिटून, तोंड भिंतीकडे वळवून नमस्कार केला, आणि घाईघाईने दाराकडे निघाला.

तेरुहिकोने कमरेत वाकून त्याला उलट नमस्कार केला. ओकुदा बूट घालून बाहेर पडला, दार सरकलं, थंडगार वारा आत आला, तरी तो वाकलेलाच राहिला.

"तेरू," मित्सुए त्याची बाही ओढत हळूच म्हणाली, "सरळ हो. पुढचे लोक थांबलेत."