लेन्सपुढची काच

धम्मप्रियाने तणमोर पाहिला तेव्हा ती शाळेला दांडी मारून शेळ्या राखत होती. म्हणून पहिले चार दिवस तिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा कुणी खरं मानलं नाही.

आमचं गाव उदगीरहून देगलूरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. घरं लातूर जिल्ह्यात आणि मागचा माळ अर्धा नांदेडमध्ये. इथल्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर दर रविवारी ओसरीवर मुलं जमवू लागले. सहा-सात येतात. कुणी पीस आणतं, कुणी किडा, कुणी नुसतेच प्रश्न. माझा नियम एकच: जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नंतर.

नववीतल्या धम्मप्रियाने त्या रविवारी लिहून आणलं होतं: ‘काळा पक्षी. गावठी कोंबडीएवढा. पंखावर पांढरा पट्टा. डोक्यामागं तीन-चार बारीक पिसं, टोकाला वळलेली. गवतातून सरळ वर उडतो, माणसाच्या डोक्याच्या वर जातो आणि परत तिथंच पडतो. मी बावीस उड्या मोजल्या.’

मी ते दोनदा वाचलं. तणमोर हा माळरानातला दुर्मिळ पक्षी मी फक्त चित्रात पाहिला होता. पावसाळ्यात नर असा उड्या मारून मादीला आपली जागा दाखवतो. हे या मुलीला कुठून माहीत असणार? माहीत नव्हतंच, म्हणून तर माझा विश्वास बसला. मी मोठ्याने वाचून दाखवलं तर त्यांतली शिवांगी म्हणाली, "कोंबडी प्यालेली असंल, बाई." सगळी हसली. आठवडाभरात अख्खं गाव धम्मप्रियाला कोंबडीवाली म्हणू लागलं. दळण घेऊन गेली तरी गिरणीवाला विचारायचा, आज किती उड्या?

नेमकं त्याच वर्षी माळ सौर पॅनलसाठी द्यायचं चाललं होतं. वीस ऑगस्टला सगळे अधिकारी पाहणीला येणार होते. मी वनखात्याला अर्ज केला. साहेबांनी फोनवर नीट समजावून सांगितलं, की या भागात तणमोराची नोंद कित्येक वर्षांत नाही आणि एका मुलीच्या वहीवरून त्यांना काही लिहिता येणार नाही. काळी मान आणि डोक्यामागची पिसं ओळखू येतील असा एक फोटो मिळाला, तर पाहणीच्या अहवालात हरकत नोंदवून ते काम थांबवायला सांगतील. एकच स्पष्ट फोटो. हातात तीन आठवडे होते.

भाच्याचा जुना कॅमेरा माझ्याकडे पडून होता, पण त्याच्या लेन्सने समोरची माणसं तेवढी यायची. म्हणून धम्मप्रियाला घेऊन मी लातूरला रविकांतकडे गेले. तो माझा विद्यार्थी, गंजगोलाईजवळ त्याचा स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो काढून पोट भरतो आणि सवड मिळाली की पक्ष्यांमागे फिरतो. त्याने काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या आणि म्हणाला, यातली कुठलीही महिनाभर न्या.

एक सहाशेपर्यंत जाणारी होती, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब; आकडा जितका मोठा तितका पक्षी जवळ दिसतो. दुसरी तीनशेची, जुनी, आखूड. धम्मप्रियाचा हात लांब लेन्सकडेच गेला. रविकांतने तिला अडवलं नाही. बाहेर नेलं, रस्त्यापलीकडच्या तारेवरची साळुंकी दाखवली आणि दोन्हींनी फोटो काढायला लावले. मग विचारलं, तुझा पक्षी उडी मारतो म्हणजे हवेत किती वेळ असतो? ती म्हणाली, टाळी वाजवून दुसरी वाजवेपर्यंत. तेव्हा त्याने समजावलं, की लांब लेन्स पक्षी जवळ आणते, पण ही जरा आंधळी आहे, उजेड कमी घेते. ढगाळ सकाळी तिच्याने उडी टिपायची म्हटलं तर फोटोभर रवा सांडल्यासारखे ठिपके येतील. तीनशेची भरपूर उजेड घेते, त्यामुळे उडी गोठवता येते, पण पक्ष्याच्या जवळ जाऊन बसावं लागेल.

"जवळ बसायला मला काय हाय," ती म्हणाली. "शेळ्यांमागं तिथंच बसती की म्या."

अशी तीनशेची ठरली, आणि ती निवड बरोबर होती. हे मी आजही म्हणेन.

निघताना रविकांतने सांभाळायचं कसं ते सांगितलं. घरी हवाबंद डब्यात ठेवा, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, नाहीतर पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. धूळ फुंकणीने उडवा, पदराने पुसू नका. आणि शेवटी, मी पिशवीची चेन लावत असताना, तो म्हणाला, "पुढं जास्तीची काच लावू नका, बाई. लेन्सच्या तोंडावर हे प्लास्टिकचं नळकांडं आहे ना, जपायला एवढं पुरे."

मी हो म्हणाले. पण मी एकतीस वर्षं मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालायला लावलेली बाई. उसन्या, एवढ्या नाजूक वस्तूचं तोंड उघडं ठेवायचं हे मनाला पटेना. उदगीरला बस बदलताना स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात मी सहज विचारलं. दुकानदाराने खोक्यातून त्या मापाची गोल काच शोधून काढली. मोबाईलला स्क्रीनगार्ड असतं तसंच समजा, फुटली तर ही फुटेल, लेन्स वाचेल, असं तो म्हणाला. मला ते शहाणपणाचं वाटलं आणि मी ती घेतली.

घरी लेन्स साबुदाण्याच्या स्टीलच्या डब्यात राहू लागली. मुलांनी बुटांच्या खोक्यांतून पांढऱ्या पुड्या जमवून आणल्या, त्या आम्ही तव्यावर मंद शेकून पुन्हा कोरड्या करायचो. धम्मप्रिया परसात कोंबड्यांवर सराव करायची. कॅमेरा टेकवायला तिने किलोभर ज्वारीची पिशवी शिवली. हे सराव काचेविना झाले. त्या फोटोंत कोंबडीच्या डोळ्यातलं आमचं घरही ओळखू यायचं.

माळावर आमच्याबरोबर गुंडप्पा असायचा. सत्तरीचा मेंढपाळ, अर्धं कानडीत बोलणारा. त्याने स्वतःची घोंगडी दिली आणि बोरीच्या झुडपाआड अशी बांधून दिली, की आत आम्ही तिघं दाटीने बसू. हा पक्षी त्याने लहानपणी पाहिला होता, आज्ज्याने रांधलेला खाल्लाही होता. "लई चवीचं," तो म्हणाला. मग धम्मप्रियाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून घोंगडीच्या गाठी पुन्हा आवळू लागला.

चार सकाळी काही दिसलं नाही. पाचव्या दिवशी बुरबुर लागली होती. बोरीची फांदी वाऱ्याने लेन्सच्या तोंडाशी येत होती, काटे अगदी काचेपर्यंत पोचत होते. मी पिशवीतून ती गोल काच काढली आणि पुढे फिरवून बसवली. धम्मप्रियाने विचारलं, रविकांतदादा नको म्हणाले होते ना? मी म्हणाले, लग्नघरात काटे नसतात, त्याला काय माहीत.

सातच्या सुमारास पाऊस थांबला आणि गवतातून तो वर आला.

मी पाहिला. काळी मान, पंखांची पांढरी फडफड, एक कोरडा खुळखुळा वाजल्यासारखा आवाज, आणि खाली. पुन्हा वर. डोक्यामागची पिसं हवेत मागे वळलेली. पन्नास-साठ पावलांवर. धम्मप्रियाचा श्वास ऐकू येत नव्हता, फक्त कॅमेऱ्याची टकटक. नऊ उड्या झाल्या. मग तो गवतातच कुठे चालत गेला. गुंडप्पा पुटपुटला, "ह्योच त्यो." कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पक्षी दिसत होता, काळा-पांढरा, हवेत. ती घरापर्यंत पळत गेली आणि वाटेत भेटेल त्याला तो पडदा दाखवत गेली. तिचे वडील सुगत, गवंडीकाम करणारे, अबोल. त्यांनी त्या दिवशी कामावर पेढे नेले.

दुसऱ्या दिवशी लातूरला रविकांतने फोटो संगणकावर मोठे केले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. प्रत्येक कडा दुहेरी होती. काळ्या मानेला बाजूला दुसरी राखाडी मान लागलेली, गवत एकमेकांत कालवलेलं, पिसं तर नाहीतच. हा पक्षी तितर असेल, कोंबडा असेल, कावळाही असेल. तो आधी म्हणाला, हात हलला वाटतं. धम्मप्रियाने मान खाली घातली. मग त्याने शटरचा वेग पाहिला. तो पुरेसा होता, हात हलून एवढं होणार नव्हतं. त्याने लेन्स मागितली.

काच काढून त्याने ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. काचेत ट्यूबचं प्रतिबिंब सरळ दिसायला हवं होतं. ते लाटेसारखं वाकलं. त्याने हळू आवाजात सांगितलं, मला नाही, तिला. स्वस्त काच सपाट नसते. माणसांचे फोटो काढायच्या साध्या लेन्सला ते कळतही नाही, पण तीनशेच्या लेन्समध्ये तेवढा बाकही मोठा होऊन येतो, आणि आपण पक्षी मोठा करून पाहायला गेलो की आणखी मोठा होतो.

"चूक माझी आहे," मी तिला म्हणाले.

"तुमी जपायलाच लावली ना, बाई," ती म्हणाली.

नऊ दिवस उरले होते. काच काढून आम्ही रोज पहाटे घोंगडीत जाऊन बसलो. चार दिवस मुसळधार पाऊस झाला. उघडीप झाली तेव्हा मोजणीवाले आले आणि त्यांनी माळभर चुन्याच्या रेघा ओढून लाल फडक्यांच्या काठ्या रोवल्या. तो उडायचा त्याच जागेवर दोन काठ्या आल्या. त्यानंतर गवतात टिटव्या दिसल्या, लावे दिसले, तो दिसला नाही. गुंडप्पा म्हणाला, त्याला जागेत काही नवं दिसलेलं चालत नाही, गेला असेल नांदेडाकडं. नांदेडाकडेही काठ्या रोवलेल्या होत्याच. धम्मप्रियाचे पाय सुजले, चाचणी बुडाली. तिच्या आईने, पंचशीलाने, मला दारात थांबवून विचारलं की हे कधी संपणार. मी वीस तारीख सांगितली.

वीस तारखेला पाच गाड्या आल्या. अर्धं गाव माळावर जमलं. वनखात्याचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी आमच्या फोटोची छापील प्रत बराच वेळ पाहिली, चष्मा काढून पाहिली. वही वाचली आणि मुलीचं निरीक्षण चांगलं आहे असं सगळ्यांसमोर म्हणाले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, यावर मी तणमोर म्हणून सही कशी करू?"

मी सांगितलं की मीही पाहिला आहे. त्यांनी अदबीने माझ्या डोळ्यांचं विचारलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला, ते मला सांगावं लागलं. गुंडप्पाला विचारलं तर तो लहानपणच्या कालवणाचं सांगू लागला आणि लोक हसत सुटले. शेवटी साहेब धम्मप्रियासमोर उकिडवे बसले. "बाळ, तू पहिल्यांदा पाहिलंस. आठवून सांग, काय होतं? तू ठाम असशील तर तेवढं तरी अहवालात लिहितो."

"सांग की, कोंबडीवाले," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने साहेबांनी हातात दिलेल्या छापील फोटोकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिच्या तोंडून ते शब्द निघतील म्हणून मी वाट बघत होते, बावीस उड्या, वळलेली पिसं. तिने फोटो साहेबांना परत दिला.

"तितर असंल, साहेब."

त्यांनी तसं लिहिलं. गाड्या अर्ध्या तासात निघून गेल्या.

मी तिला गाठलं ते ओढ्यापाशी. शेळ्या पाणी पीत होत्या. मी रागावले नव्हते, पण आवाज चढला असावा. तू डोळ्यांनी पाहिलंस, मी पाहिलं, मग तितर का म्हणालीस? लोकांना भ्यायलीस का? ती म्हणाली, भ्याली नाही. मग म्हणाली, "बाई, म्या रोज आठवून बघती. पण आता डोळे मिटले की त्यो फोटूच दिसतो. खरं कसं व्हतं, ते येतच न्हाई."

मी तिच्याजवळ बसले आणि तिला सांगू लागले. काळी मान, पांढरा पट्टा, मागे वळलेली पिसं, खुळखुळ्यासारखा आवाज. तिचंच तिला सांगत होते. तिने शेवटपर्यंत ऐकलं, नीट, वर्गात ऐकायची तसं, आणि म्हणाली, "तुमी म्हणता म्हणजी आसंल."

पोळ्याच्या आधी माळाला तारेचं कुंपण पडलं. शेळ्या आता ती सडकेच्या कडेने चारते. रविवारी बाकीची मुलं येतात. ती येत नाही.