एक ऑक्टोबरचा चौकोन

मी एक जुनी दिनदर्शिका आहे, १९५३ सालची. बारा पानं, वर पत्र्याची पट्टी आणि टांगायला दोरा. मित्रांनो, आमचं आयुष्य एका वर्षाचं. डिसेंबर संपला की आमच्याकडे कुणी बघतही नाही. मी त्यानंतर बहात्तर वर्षं ट्रंकेच्या तळाशी, अंधारात पडून होते.

माझं पहिलं घर म्हणजे नाशिक रोडची एक खोली. कारभारी नावाच्या कामगारानं मला खाटेजवळच्या खिळ्याला टांगलं. वर्तमानपत्रात काही मोठं वाचलं की ते माझ्या चौकोनात पेन्सिलीनं एक ओळ लिहीत. जानेवारीत लिहिलं, दिल्लीत संगीत नाटक अकादमी सुरू. मार्चमध्ये, रशियाचे स्टॅलिन गेले. जूनमध्ये तर इतकं दाबून लिहिलं की कागदच फाटला: एव्हरेस्टवर माणूस पोचला! त्याच वर्षी एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी एक पीळदार धागा जगापुढे मांडला होता, आईबापांचं देणं लेकरांत उतरवणारा. ती बातमी आमच्या खोलीपर्यंत आलीच नाही. तो चौकोन कोरा राहिला.

एक ऑक्टोबर, गुरुवार. त्यांनी लिहिलं, आंध्र राज्य झाले. त्याच दिवशी त्यांची बायको सगुणाबाई बाळंत झाली. मुलगी झाली.

"पितृपक्षात, अन् त्यात पोरगी! ते नको लिहूस रे," कारभारींची आई म्हणाली.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

सगुणाबाईला लिहिता येत नव्हतं. सगळे बाहेर गेल्यावर तिनं कपाळावरचं कुंकू बोटावर घेतलं, पडल्या पडल्या हात लांबवला आणि ते बोट त्या ओळीखाली टेकवलं. वर्ष सरल्यावर तिनंच मला आपल्या लुगड्यांखाली ठेवलं.

मुलीचं नाव लता. "तुझ्या दिवसाला मी कुंकू लावून ठेवलंय," आई तिला सांगे. लताला वाटे, भिंतीला लावलं असेल. भिंत तर दर दिवाळीला चुन्यानं पांढरी होई. लता सहा वर्षांची असताना सगुणाबाई वारली. शाळेत मास्तरांनी जन्मतारीख विचारली, तर साऱ्या जगाची खबर ठेवणाऱ्या कारभारींना महिनाही आठवेना. मास्तरांनी एक जून लावून टाकली. तारीख माझ्याकडे होती, मित्रांनो. मी ट्रंकेत गप्प होते. कागदाला कुठला आवाज?

लग्नानंतर लता ती ट्रंक घेऊन आली. पण आईच्या हातच्या घड्या मोडतील म्हणून तिनं लुगडी कधी उचललीच नाहीत.

यंदा एक जूनला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये लताबाईंच्या फोनवर बँकेचा शुभेच्छांचा मेसेज आला. "घ्या! बँकेला पुळका आलाय. आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस आज," त्या हसल्या.

बाळाला नुकतंच झोपवलेली त्यांची सून निकिता हळूच म्हणाली, "आई, दुपट्यासाठी एखादं मऊ लुगडं घेऊ का?"

"घे. बाळासाठीच घे."

लुगड्यांखाली मी होते.

"अगंबाई, १९५३चं कॅलेंडर! आणि वार बघा, यंदाचेच." निकिता पानं उलटत गेली. ऑक्टोबरवर थांबली. "हा डाग कसला हो?"

लताबाईंनी चष्मा लावला. मला जवळ धरलं.

"डाग नाही गं. कुंकू आहे ते. आईनं माझ्या जन्माच्या दिवसाला लावलेलं."

त्यांनी आपलं बोट त्यावर टेकवलं. खूण पूर्ण झाकली गेली. "एवढंसं बोट होतं आईचं?"

"आई, यंदाही एक तारखेला गुरुवारच आहे. वाढदिवस करायचा."

"पितृपक्ष असेल तेव्हा."

"असू दे. मी लिहूनच ठेवते."

"लिही," लताबाई म्हणाल्या. "पण तिच्या बोटावर नको. बाजूला लिही."

आता भिंतीवर नवं कॅलेंडर आहे आणि मी पुन्हा ट्रंकेत, फक्त सगळ्यात वर. एकटीच आहे, पण ऑक्टोबर यायचा आहे. मित्रांनो, घरातला जुना कागद रद्दीत टाकण्याआधी शेवटच्या पानापर्यंत उलटून बघा. त्यात एखाद्याचा दिवस वाट बघत असतो.