प्रत्यक्ष पाहून खात्री केली

खाडी वाचली, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हातारा उगाच रडगाणं गातोय. तिथे हॉटेलवाल्यांची भिंत उभी राहणार होती. आज तिथे कोणीही यावं, वाळूत बसावं, पोरांना उथळ पाण्यात सोडावं, कोणी हटकत नाही. संरक्षित सार्वजनिक विहारक्षेत्र, असा त्याचा कागदावरचा थाट. त्या कागदांतले निम्मे माझ्या हातचे आहेत. चौतीस वर्षं मी ते कागद काढणाऱ्या सरकारी खात्यात कारकुनी केली, त्यातली शेवटची सहा या एका खाडीपायी गेली, आणि त्या कामाचा मला अभिमान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

खाडीच्या काठावर माझा दादा राहायचा. होड्या बांधायचा. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा मला त्यानेच वाढवलं. शाळेत जायच्या आधी अर्धवट होडीच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीने त्याने माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली. मी सत्तावन्न वर्षांचा झालो तरी त्याच्या तोंडी मी बारक्याच.

घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं, सगळं लाकडाचं, आणि होडीसारखंच तो ते राखायचा. वर्षातून एकदा सगळं सामान बाहेर, चमचासुद्धा आत नाही. दारं-खिडक्या बिजागऱ्यांतून उतरवायच्या, फटींत सुतळी ठोकायची, मग आतून-बाहेरून डांबर आणि तेल. दार जागेवर ठेवून रंगवलं की कडा राहतात, आणि लाकूड कुजतं ते कडेपासून, असं त्याचं म्हणणं. वास मरेपर्यंत तो आणि वहिनी पलीकडच्या काठावर वहिनीच्या बहिणीकडे जायचे, सामानासकट.

आता नियम ऐका. काठावरच्या बांधकामांची खात्याकडून मोजणी होईल, त्या दिवशी ज्या घरात वस्ती दिसेल, ते घर मालकाच्या हयातीपर्यंत राहील. रिकामी बांधकामं पाडायची. नियम चांगलाच होता. हॉटेलवाल्यांनी हक्क सांगायला रातोरात ज्या पत्र्याच्या टपऱ्या उभ्या केल्या होत्या, त्यांच्यासाठी तो केला होता.

तो मला आधीपासून ठाऊक होता, आणि मी दादाला सांगितला नाही. मी पडलो नाकाने कांदे सोलणारा. ऑफिसातली गोष्ट घरच्या माणसाच्या कानावर घालायची नाही, हा माझा बाणा. शिवाय दादा तिथे पन्नास वर्षं राहतोय, त्याच्या घराला कोण रिकामं म्हणणार? म्हणून मी एवढंच म्हणालो, की मंगळवारी साहेब लोक येणार आहेत, घर जरा नीटनेटकं ठेव. अर्धवट सांगणं न सांगण्याहून वाईट, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दादाच्या लेखी नीटनेटकं म्हणजे काय? डांबर आणि तेल. वर्षाच्या कामाला अजून दोन महिने होते, पण चार लोकांत भावाची मान खाली जायला नको म्हणून त्याने ते अलीकडे ओढलं. रविवारपर्यंत तेलाचा हात संपवला. सोमवारी दारं अजून उतरवलेलीच होती, आणि दोघं पलीकडे गेले, होडीतून सामान परत आणायला.

आणि मोजणीवाले सोमवारीच गेले. मंगळवारी जीप दुसऱ्या कोणाला हवी होती, एवढंच कारण.

मोजणीदार नवा होता, शिकलेला, उंटावरचा शहाणा. त्याने लिहिलं, बांधकाम क्रमांक सतरा, दारे-खिडक्या नाहीत, चूल नाही, अंथरूण नाही, वस्ती नाही. अरे गाढवा, भिंतीचं डांबर तुझ्या बाहीला लागलं असेल, ते काय भुताने लावलं? पण त्याला शिव्या देऊन माझं काय सुटतंय. कागदाच्या तळाशी दुसरी सही लागायची. ‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली.’ ती सोबत जाणाऱ्या जुन्या कारकुनाने करायची. म्हणजे मी.

रस्त्यापासून काठापर्यंत उतरण आहे आणि माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. मी जीपमध्ये बसून राहिलो. दिवस बदललाय तर काय झालं, दादा घरातच असणार, तो जातोय कुठे, असं मनात म्हणालोसुद्धा. दुपारी त्रेचाळीस कागद आले. त्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. जीपच्या बॉनेटवर ठेवून मी त्रेचाळीस सह्या ठोकल्या आणि डबा उघडला.

महिन्याभराने दादा नोटीस घेऊन ऑफिसात आला. हसत होता. म्हणाला, तुमच्या कोणाची तरी चूक झालीय, दुरुस्त करून दे. मी त्याला बाकावर बसवलं, आत जाऊन सतरा क्रमांकाचा कागद काढला आणि माझी सही पाहिली. माझी पाचावर धारण बसली. न बघता खात्रीची सही म्हणजे बडतर्फी, आणि माझी दोन वर्षं राहिली होती. बाहेर येऊन मी त्याला म्हणालो, अर्ज कर, सुनावणी होईल. अर्जसुद्धा मीच लिहून दिला, अगदी वळणदार अक्षरात.

सुनावणी एका बाईंपुढे झाली. बाई सज्जन होत्या, खरंच सांगतो. टेबलाच्या टोकाला मी, कामकाज लिहून घ्यायला. त्या बाहेरून आलेल्या; मोजणीच्या कागदावरची दुसरी सही माझी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही भाऊ आहोत हेही नाही, आमच्या आडनावाची निम्मी वस्ती आहे इथे. दादाने सगळं सांगितलं, डांबर, दारं, पलीकडचा काठ. बाईंनी ऐकून घेतलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

“आजोबा, यावर दोन सह्या आहेत. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर या दोघांनी न बघता लिहिलंय. तसं असेल तर मी तुमचं घर ठेवते आणि या दोघांना कामावरून काढते. पेन्शनसुद्धा मिळणार नाही त्यांना. विचार करून सांगा.”

दादाने खिशातून एक काडी सुतळीने बांधलेला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि कागद जवळ धरला. माझ्या सहीच्या शेवटच्या अक्षराला वर वळलेलं टोक आहे. ते त्यानेच शिकवलेलं. सहीला होडीसारखं नाक पाहिजे, म्हणायचा. तो बराच वेळ बघत राहिला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मला वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं, बाई, ती सही माझी आहे आणि मी खाली उतरलोच नव्हतो. मी पेन धरून मूग गिळून बसलो.

“रिकामंच होतं,” दादा म्हणाला. “दारं नव्हती. बरोबर लिहिलंय त्यांनी.”

बाईंनी पुन्हा विचारलं, तुम्हाला कोणी धमकावलंय का म्हणून. तो म्हणाला, नाही, माझंच म्हातारपण, उगाच तुमचा वेळ घेतला. आणि हे सगळं मी लिहून घेतलं, एक काना-मात्रा न चुकता.

जिन्यात मी त्याला गाठलं. त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, “सावकाश उतर. गुडघ्यांना तेल लावत जा, बारक्या.”

पहारीने तोडायला आलेल्या मजुरांना त्याने घराला हात लावू दिला नाही. आठ दिवस एकेक खिळा स्वतः उपसला. फळ्या त्याने कोणाकोणाला वाटून टाकल्या. वहिनी खात्याच्या नावाने बोटं मोडत होती. तिला दादाने काही सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही. सामान गाडीत चढवताना ती मला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही होतात म्हणून निदान सुनावणी तरी झाली. तुमचे उपकार आहेत.” मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसते. दादाने त्यानंतर होडी बांधली नाही.

खाडी मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. लोक येतात, पोरं ओरडतात, म्हातारी जोडपी चपला हातात घेऊन पाण्यातून चालतात. मला कधीकधी वाटतं, एखादा तरी दोष निघावा, म्हणजे मला त्याला शिव्या घालता येतील. निघत नाही.

माझं शेवटचं वर्ष खात्याने मला तिथेच नेमलं, फाटकाच्या चौकीत. दिवस मावळला की घंटा द्यायची, लोक बाहेर काढायचे, आणि वहीत लिहायचं, ‘क्षेत्र रिकामे. प्रत्यक्ष पाहून खात्री केली.’ खाली सही. वाक्य बदलावं असं खात्यात कोणाला सुचलं नाही, आणि मी कोणत्या तोंडाने सुचवणार?

दादा रोज दुपारी येतो. त्याची चूल जिथे होती तिथे आता हिरवळ आहे, तिथे बसतो. बाकावर नाही, खालीच. घंटा झाली तरी उठत नाही, कारण हल्ली त्याला ऐकू कमी येतं. म्हणून मला उतरण उतरून जावं लागतं, याच गुडघ्यांनी. त्या मोजणीच्या दिवशी जेवढं अंतर मी चाललो नाही, तेवढंच ते अंतर आहे. रोज ठरवतो की आज त्याला सांगायचं, दादा, मी भित्रा निघालो, मला माफ कर. रोज तिथवर जातो, आणि तो वर बघून विचारतो, “झाली का रे वेळ, बारक्या?”

“झाली, दादा,” मी म्हणतो. “ऊठ आता.”

तो माझ्या खांद्यावर भार टाकून उठतो, पँटवरचं गवत झटकतो, आणि आम्ही दोघं फाटकापर्यंत चालत येतो. तो बाहेर गेला की मी कडी घालतो. मग चौकीत जाऊन वही उघडतो आणि सही करतो. आता अगदी स्वतः बघून करतो.